अर्ध्यावर वाटेला लावलेला नेव्हिल

आमचा नेव्हिल गातो, असं पोस्टरवर छापलेलं असतं. छापणाऱ्यानं त्याला ऐकलेलं नसणार. नेव्हिल गात नाही, नेव्हिल बोलतो. मागे गॉर्डन ड्रम बडवत असतो, स्टुअर्ट बेस गिटारीवर तेच तेच तीन सूर घोटत असतो, आणि पुढे माइकसमोर आमचे साहेब एक हात खिशात घालून, कुंपणावरून शेजाऱ्याशी बोलावं तसे बोलत उभे. वाक्याच्या शेवटी आवाज जरासा वर चढतो, तेवढंच काय ते संगीत. एकदा बेल्जियममधल्या कुठल्याशा मासिकात आलं होतं की हा कलावंत अर्धं बोलतो आणि अर्धं गातो. मी ते कात्रण फ्रिजवर लावलं आणि खाली लिहिलं, 'गातो ते अर्धं कुठलं? सापडल्यास कळवावे.' नेव्हिल हसला नाही. पण त्यानं कात्रण काढलंही नाही.

मी ग्लेनिस बूथरॉइड, माहेरची क्रॅब्ट्री. याची बायको. त्यामुळे त्याला नावं ठेवायचा पहिला हक्क माझा, बाकीच्यांनी रांगेत यावं.

गंमत अशी, की घरात या माणसाच्या तोंडाला कुलूप असतं. अगदीच मुका आहे असं नाही. "चहा?" म्हणतो. "पाऊस," म्हणतो. आमच्या शीनानं फोन करून नोकरी लागल्याचं सांगितलं, तेव्हा हा बाप लेकीला म्हणाला, "बरं झालं. आईला देतो." बस्स! मी म्हटलं, अरे, पोरगी तीन वर्षं वणवण करत होती, काही दोन शब्द बोल. तो शेडमध्ये निघून गेला. आणि पुढच्या महिन्यात हडर्सफील्डच्या एका पबमध्ये याच विषयावर सहा मिनिटं बोलला, ड्रमच्या तालावर. शेडमध्ये जाऊन रंगाच्या डब्यावर बसून कसा रडला, हे मला तिथं कळलं. माझ्या नवऱ्याच्या मनात काय चाललंय हे मला दीडशे अनोळखी लोकांत उभं राहून, बिअरचा ग्लास सांभाळत ऐकावं लागतं. सांगायचं कुणाला!

नेव्हिलनं छत्तीस वर्षं गॅसचे मीटर वाचले. रोज साठ-सत्तर दारं. कुणाचा मीटर जिन्याखाली, कुणाचा कोळशाच्या कोठीत, आणि प्रत्येक घरात कुणीतरी काहीतरी सांगायला आतुर. हा गुडघ्यावर बसून बॅटरी मारणार, आणि वरून त्या घरची बाई बोलत राहणार. त्याची सगळी गाणी तिथलीच. 'तेवीस नंबरचं कुत्रं' हे त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं. ते कुत्रं त्याला खरोखर चावलं होतं, आणि इंजेक्शन घेऊन आल्यावर हा काय म्हणाला माहितीये? "चार ओळी मिळाल्या." कपाळ माझं!

आता माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय नेव्हिलची गोष्ट पुरी होत नाही. विल्फ्रेड क्रॅब्ट्री. आमच्या मायथरॉइड गावच्या कामगार क्लबचे कार्यक्रम-चिटणीस. १९७४ साली त्या खुर्चीवर बसले ते बसलेच. रंगमंचाच्या एका बाजूला लाकडी खोका आहे, त्यात खुर्ची, छोटा दिवा आणि त्यांचा स्वतःचा वेगळा माइक. गाणाऱ्याचा माइक बंद पडला तरी चालेल, बाबांचा पडता कामा नये. एखादी बाई डोळ्यांत पाणी आणून विरहाचं गाणं म्हणतेय, लोक गलबललेत, आणि ऐन वेळी खोक्यातून टक् टक्. "शांतता पाळा! सॉसेज रोल आलेले आहेत. एका माणसाला दोनच." मग त्या बाईनं विरह पुढे चालू करायचा.

बाबांना दोन गोष्टी पवित्र. एक, कमिटीचा ठराव. दुसरी, बिनचूक माहिती. चुकीचं काही कानावर पडलं की त्यांच्या अंगाला खाज सुटते. १९८० च्या नोव्हेंबरात आई गेली. अंत्यविधीला पाद्रीबाबा म्हणाले की जोन क्रॅब्ट्री साठ सालापासून या क्लबची सभासद होती. बाबा पहिल्या बाकावरून उठले, "एकोणसाठ," म्हणाले आणि खाली बसले. मी शेजारी बसून हुंदके देत होते, तरी मला हसू फुटलं. असे ते.

क्लबात कार्यक्रम दोन भागांचा असतो. रविवारी दुपारी बारा वाजता पहिला भाग, मग बिंगो, म्हणजे पुकारलेले आकडे पेनानं खोडायचा खेळ, आणि खाणं, मग दुसरा भाग. मधल्या वेळात कमिटी बिलियर्डच्या टेबलाशी जमते आणि हात वर करून मत घेते. मंडळींना गाणारा पसंत नसेल, तर बाबा मागच्या बिअरच्या पिंपांच्या खोलीत जातात आणि त्याला सांगतात, धन्यवाद, सामान आवर. याला आमच्याकडे अर्ध्यावर वाटेला लावणं म्हणतात. भलेभले लागलेत. बार्न्सलीचा एक जादूगार तर इतका चिडून गेला की कबुतर इथंच विसरला. क्लबाच्या सज्जात ते चार वर्षं राहिलं.

१९८१ च्या मार्चमध्ये एका रविवारी नेव्हिलच्या बँडला संधी मिळाली. बँडचं नाव 'डॅम्प कोर्स', म्हणजे भिंतीत ओल चढू नये म्हणून घराच्या पायात घालतात तो थर. पोरींनी वेडं व्हावं असं नाव नव्हे. नेव्हिल बावीस वर्षांचा, काटकुळा, अंगात कुणाचा तरी कोट. मी वीस वर्षांची, बारमागे ग्लास धुवायला. पहिल्या भागात चार गाणी झाली, चारही लांबलचक. समोर सगळे गिरणीतले लोक, हाताची घडी घालून बसलेले. टाळी नाही, शिवी नाही, काही नाही. नुसतं बघत होते. मध्यंतर झालं आणि बाबा पिंपांच्या खोलीत गेले. "कमिटीचं एकमत आहे, पोरा," म्हणाले. "सामान आवर."

मी मागच्या दारानं बाहेर आले तर हा एकटाच अ‍ॅम्प्लिफायर ओढत चढावावरून निघालेला. बाकीचे दोघं ड्रम घेऊन पुढे गेले होते. मी म्हटलं, "एक बाजू मी धरते." तो काही बोलला नाही. बसस्टॉपवरही नाही. पुढच्या बुधवारी आमच्या दारात आला आणि म्हणाला, "मीटर." त्या आठवड्यात आमचा मीटर वाचून झालेला होता.

वर्षभरात लग्न केलं. आणि तेव्हापासून मी त्याला एका गोष्टीवरून पिडत आले. नातेवाइकांत, नाताळच्या जेवणात, कुणी विचारलं की तुमचं कसं जमलं, की मी सांगायचे, "मला याची दया आली हो! बिचारा अर्ध्यावर वाटेला लागला होता. भिजलेलं मांजर घरी आणतात तसा आणला." लोक हसायचे. नेव्हिल "हं" म्हणायचा. मला वाटायचं, त्यालाही गंमत वाटते.

वाटत नव्हती. पण मला ते कळायला बरीच वर्षं लागली. एकदा त्याला फ्लूनं एकशेतीन ताप चढला. मी कपाळावर ओलं फडकं ठेवत होते, आणि हा डोळे मिटून अगदी स्पष्ट म्हणाला, "तिकडे बेल्जियमात, गेंटला लोकांनी उभं राहून टाळ्या दिल्या, ग्लेनिस. त्यांना एक शब्द कळला नाही. इथं ज्यांना सगळं कळतं त्यांनी हाकललं. मला एकदा तिथं दुसरा भाग करायचाय. एकदाच." सकाळी ताप उतरला आणि कुलूप परत लागलं. मी ते बोलणं विसरले नाही. पण चिडवणं थांबवलं का? नाही. माझी जीभ अशी आहे, तिला हाड नाही.

त्यानं प्रयत्न सोडले नाहीत, हे मात्र खरं. दर जानेवारीत बाबांना विचारायचा, "विल्फ्रेड, यंदा एखादी तारीख?" आणि बाबा दर जानेवारीत सांगायचे, "वही भरली आहे." मग दोघंही आमच्याच टेबलावर बसून रविवारचं बीफ खायचे, एकमेकांना मोहरी द्यायचे. चौऱ्याण्णव साली तर हा गडी चोरून गाणं शिकायला गेला. मला सांगितलं, नव्या मीटरांचं प्रशिक्षण आहे. चॅपेलमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या मिस थ्वेट शिकवायच्या. सहा शिकवण्यांनंतर त्या म्हणाल्या, "मिस्टर बूथरॉइड, सूर तुमच्यात आहे. पण त्याला बाहेर यायचं नाहीये. आपण त्याचा आग्रह करू नये." मला हे मिस थ्वेटनींच भाजीच्या दुकानात सांगितलं. मी घरी येऊन इतकी हसले की पोट धरून खाली बसावं लागलं. तो तेव्हाही "हं" म्हणाला. आज आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

मागच्या वर्षी मार्चमध्ये वेकफील्डचा एक चकचकीत जाकीटवाला गायक रविवारसाठी ठरला होता. शनिवारी दुपारी त्याचा घसा बसला. बाबांनी अकरा ठिकाणी फोन केले. कुणी मोकळं नाही. बाबा आता अठ्ठ्याऐंशीचे, गुडघ्यांनी दगा दिलेला, पण चौऱ्याहत्तरपासून एकही रविवार रिकामा गेलेला नाही हा त्यांचा अभिमान. संध्याकाळी चार वाजता ते आमच्या पायरीवर उभे.

"तुझा तो आहे का घरात?"

"माझा तो इथंच असतो, बाबा. या की आत."

"आत नको. कामाचं आहे." मग माझ्या खांद्यावरून आत बघत ओरडले, "उद्या दुपारी मोकळा आहेस का रे?"

नेव्हिल चहाचा मग घेऊन बाहेर आला. हातातला मग ठेवायला जागा शोधत राहिला. शेवटी माझ्याच हातात दिला.

"दोन्ही भाग?" त्यानं विचारलं.

"पहिला भाग," बाबा म्हणाले. "मग कमिटी बघेल. नियम सगळ्यांना सारखा."

"नियम सारखा," नेव्हिल म्हणाला. त्या रात्री तो एकच मोजा दोनदा इस्त्री करत होता. चौसष्ट वर्षांचा घोडा!

रविवारी क्लब भरलेला. म्हणजे सत्तरएक माणसं, निम्म्यांच्या हातात बिंगोची पेनं. गिरणीतले ते हाताची घडीवाले बहुतेक गेले. आता पुढच्या टेबलांवर त्यांच्या विधवा बसतात, आणि कमिटीची अध्यक्ष बेरिल लम आहे. बेरिल म्हणजे पाच फूट उंची आणि आवाज गिरणीच्या भोंग्याचा. बारवर माणूस कमी होता म्हणून मी मागे उभी राहिले. बाबा खोक्यात शिरले, टक् टक् केलं आणि म्हणाले, "शांतता पाळा! वेकफील्डचे गायक आजारी आहेत. त्यांच्या जागी डॅम्प कोर्स. हे लोक बोलतात. समजून घ्या."

असली ओळख! मी दात-ओठ खाल्ले.

पहिलं गाणं गेलं. शांतता. दुसरं गाणं 'बॉयलर'. एका म्हाताऱ्या बाईचा बॉयलर बिघडतो आणि दुरुस्ती करणारा माणूस येता येत नाही, असं ते आहे. नेव्हिल आपल्या नेहमीच्या सपाट आवाजात सांगत होता, "सोमवारी फोन केला. सोमवारी कुणी आलं नाही. मंगळवारी माणूस आला..."

"बुधवारी!" पुढच्या टेबलावरून भोंगा वाजला.

नेव्हिल थांबला. चाळीस वर्षांत त्याला कुणी मध्ये बोललं नव्हतं. युरोपातले लोक काळे कपडे घालून, चर्चमध्ये बसल्यासारखे ऐकतात. गॉर्डन मात्र ड्रम वाजवतच राहिला.

"बुधवारी?" नेव्हिलनं माइकमध्ये विचारलं.

"बुधवारी. माझा बॉयलर होता ना तो," बेरिल म्हणाली. "मंगळवारी मी पायाची नखं कापून घ्यायला दवाखान्यात गेले होते. तूच मीटर वाचायला आलास आणि दार वाजवत बसलास."

"बुधवारी माणूस आला," नेव्हिल तालात म्हणाला. "मंगळवारी नखं होती."

आणि हशा! खरा, मोकळा हशा. त्यानंतर कुणाला थांबवणार? लोकांना वाटलं, माणूस बोलतोय तर उत्तर दिलंच पाहिजे, नाहीतर वाईट दिसतं. गाणाऱ्याला कोण उत्तर देतं? पण बोलणाऱ्याला आमच्याकडे असं ताटकळत ठेवत नाहीत. 'तेवीस नंबरचं कुत्रं' सुरू झालं तर मागून कुणी म्हणालं, "कुत्र्याचं नाव तर सांग!" कुत्र्याच्या मालकिणीची सून तिथंच बसली होती, तिनं नाव सांगितलं. नेव्हिल लाल झाला होता, घामानं निथळत होता. एकदा माझ्याकडे बघून भुवया उडवल्या त्यानं. मी मान वळवली, म्हटलं, उगाच चढून बसायचा.

मध्यंतर झालं. बिंगो झाला. सॉसेज रोल आले, माणशी दोन. कमिटी बिलियर्डच्या टेबलाशी जमली. मी पिंपांच्या खोलीत चहा घेऊन गेले तर नेव्हिल एका पिंपावर बसलेला, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. गॉर्डन आणि स्टुअर्ट भिंतीकडे बघत उभे. मला वाटलं, देवा, या माणसाला आज पुन्हा सामान आवरायला लावू नकोस. मग मी आयुष्यात त्याला चिडवणार नाही. असं कबूल करून टाकलं मी, इतकी घाबरले होते.

काठी टेकत बाबा आले. दारात उभे राहून धाप ओसरेपर्यंत थांबले.

"चालू ठेव म्हणतात," ते म्हणाले. आणि वळून गेले.

नेव्हिल उठला. त्यानं माझ्या हातातला चहा घेतला, एका घोटात संपवला, आणि गॉर्डनला म्हणाला, "ते वाजवायचं. जुनं." गॉर्डननं त्याच्याकडे पाहिलं. "खात्री आहे?" "आहे."

मला ठाऊक नव्हतं ते 'जुनं' म्हणजे काय. पुढे कळलं. एक्क्याऐंशी साली त्या रविवारी घरी जाऊन यानं एक गाणं लिहिलं होतं. कधीच कुठं म्हटलं नाही. जिथं म्हणायचं होतं तिथं दुसरा भाग मिळाला की म्हणणार होता.

बेसचा एकच सूर सुरू झाला. नेव्हिल दोन्ही हात खिशात घालून उभा राहिला.

"रविवार. एक्क्याऐंशी. मार्च महिना.
मी बावीस. कोट भावाचा.
पिंपांच्या खोलीत बसलोय.
भिंतीपलीकडे सात माणसं.
सात प्याले. सात टोप्या.
सात हात वर.
एकमत, पोरा. एकमत."

लोक गप्प झाले. पुढच्या टेबलावरच्या बायका पेनं खाली ठेवून ऐकत होत्या, कारण त्या सातांपैकी दोघा-तिघांच्या त्या बायका होत्या. ड्रम चढत गेला. नेव्हिलचा आवाज चढत नव्हता, तो तसाच सपाट, आणि त्यामुळेच अंगावर काटा येत होता. "सात हात वर. एकमत, पोरा." पुन्हा एकदा. "सात हात वर."

टक् टक्.

"शांतता पाळा!"

मी मनात म्हटलं, बाबा, आता सॉसेज रोलचं नाव काढलंत तर त्या खोक्यासकट उचलून बाहेर ठेवीन.

"दुरुस्ती," बाबा माइकमध्ये म्हणाले. "सात नाही. पाच विरुद्ध दोन."

नेव्हिल वळला. "पाच माझ्या विरुद्ध?"

"पाच तुझ्या बाजूनं. दोन विरुद्ध. इतिवृत्तात आहे."

हे बोलून झालं आणि मग बाबांना कळलं आपण काय बोललो ते. त्यांचा हात माइकच्या बटणाकडे गेला. पण आता काय उपयोग? सत्तर माणसांनी ऐकलं होतं. गॉर्डन शहाणा, त्यानं ड्रम थांबवला नाही, फक्त हळू केला.

"विल्फ्रेड क्रॅब्ट्री!" बेरिल उभी राहिली. "कमिटीचा ठराव फिरवलात तुम्ही?"

सगळीकडे कुजबुज उठली. खून झाल्यासारखी. नेव्हिलचं काय झालं हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. ठराव फिरवला! चिटणिसानं!

"एकदाच," बाबा म्हणाले.

"दोन कोण होते?" नेव्हिलनं विचारलं. तोही माइकमध्येच. दोघंही माइकवर, मध्ये दहा फुटांचं अंतर, आणि मागे तो ड्रम.

"एक पिकल्स. तो सगळ्यालाच विरोध करायचा, नव्या पडद्यांनासुद्धा. दुसरा मी."

"का? वाईट होतो मी?"

"नाही," बाबा म्हणाले. "वाईट असतास तर बरं झालं असतं." मग त्यांनी काठी उचलली आणि सरळ बारकडे रोखली. माझ्याकडे. "ती तिथं उभी होती. तू तोंड उघडल्यापासून एकच ग्लास पुसत होती. चार गाणी झाली. एकच ग्लास. मला या खोक्यातून सगळं दिसतं. तिची आई जाऊन चार महिने झाले होते. घरात आम्ही दोघंच. रात्री ती वरच्या खोलीत चालायची, तेवढाच आवाज होता घरात. मला वाटलं, आणखी चार गाणी झाली तर ही पण गेली."

सत्तर माना माझ्याकडे वळल्या. माझे कान तापले. राग आला, खरंच आला. या माणसानं माझ्या नवऱ्याच्या उरात बेचाळीस वर्षं काटा ठेवला. आणि त्याच क्षणी मला ते घर आठवलं, ती वरची खोली, आणि खाली एकटेच बसलेले शेहेचाळीस वर्षांचे बाबा. तेव्हा मला ते म्हातारे वाटायचे. आज माझी लेक त्याच वयाकडे चाललीय. मला काही बोलता येईना. माझ्यासारखीला!

नेव्हिल मात्र बोलला. ड्रमच्या तालावर, अगदी शांतपणे.

"विल्फ्रेड, मी तिला नेलं कुठं? तीन गल्ल्या पलीकडे."

"हो."

"दर रविवारी तुम्ही आमच्याकडे जेवता."

"जेवतो."

"मग काय गमावलंत?"

बाबांनी जरा विचार केला. बिनचूक सांगायला हवं ना. "काही नाही," ते म्हणाले. "बीफ जरा चिवट असतं."

"बाबा!" मी बारमागून किंचाळले. क्लब हसून लोळला. बेरिल टेबल बडवत होती. आणि त्या गोंगाटात बाबा माइकजवळ वाकले. "चूक झाली माझी, पोरा. तू चांगला होतास. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. नोंद करून घ्या."

"नोंद केली," बेरिल डोळे पुसत म्हणाली. "चालू दे, नेव्हिल. पाच विरुद्ध दोन."

नेव्हिलनं चालू ठेवलं. पूर्ण चाळीस मिनिटं. गाण्यातले सात हात त्यानं तिथल्या तिथं पाच करून टाकले. मी एकही ऑर्डर घेतली नाही. लोक बारवर टकटक करत राहिले, मी तिकडे पाहिलंही नाही.

तीन वाजता आम्ही तिघं घरी आलो. बाबा जेवणाच्या टेबलावर जाऊन बसले, नॅपकिन गळ्यात अडकवून, काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं. मी स्वयंपाकघरात ग्रेव्ही ढवळत होते. नेव्हिल दारात येऊन उभा राहिला. मला वाटलं, चहा म्हणेल.

"चार गाणी?" तो म्हणाला.

"कसली चार गाणी?"

"एकच ग्लास."

"बाबांना काय दिसतंय आता."

"तेव्हा दिसत होतं." तो आत आला. घरात, मागे ड्रम नाही, बेस नाही, आणि हा माणूस बोलत होता. शब्द अडखळत होते, एकेक जड सामान उचलावं तसे. "तू सगळ्यांना सांगतेस. दया आली म्हणून. मी ते खरं धरून चाललो, ग्लेनिस. मला वाटायचं, तिकडे मला हाकललं नसतं, तर तू बाहेर आलीच नसतीस. म्हणजे माझं गाणं नाही, माझं वाटेला लागणंच तुला आवडलं."

मी चमचा खाली ठेवला. बेचाळीस वर्षं लोकांना हसवत होते मी, आणि हा ते गिळत होता. इतकी चुरूचुरू बोलणारी मी, आणि खरं ते एकदाही बोलले नव्हते.

"दया कसली आलीय," मी म्हटलं. "पहिल्याच गाण्यात गेले होते मी. तुझा तो भिकार कोट, ते बोलणं, मला वाटलं सगळं मलाच सांगतोयस. तुला हाकललं नसतं ना, तरी मी मागच्या दाराशी उभी असते."



"पुन्हा सांग," म्हणाला.

मी पुन्हा सांगितलं. तेवढ्यात ग्रेव्ही खाली लागली, आणि बाबांनी ती तशीच, करपलेली, ताट पुसून खाल्ली.